भोपळ्यावरची चीर

"आवं, ह्यो बी गेला बगा," म्हणत बनुबाईनं पिवळा पडून गळालेला, लिंबाएवढा भोपळा सोप्यातल्या बाजेवर पडलेल्या नवऱ्याच्या, आकारामच्या, हातात ठेवला. आठवड्यातला हा सहावा. वेल असा माजला होता की अंगण ओलांडून गोठ्यावर चढलेला, फुलं तर विचारू नका; पण एक फळ धरेल तर शपथ!

"शेजारच्या शालूबाईनं बोट दावलं आसंल," बनुबाई करवादली. "तिला जीभ आवरत न्हाई, बोट काय आवरतंय!" कोवळ्या भोपळ्याला बोट दाखवलं की तो कुजतो, हे तासगावजवळच्या त्या वस्तीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"बोटानं न्हाई गं," आकाराम म्हणाला आणि खोकत राहिला. उबळ सरल्यावर म्हणाला, "औंदा येलावर मधमाशी बगितलीस का एक तरी?"

बनुबाईला आठवेना. चारी बाजूंनी द्राक्षबागा. छाटणी झाली की रोज औषधाचा फवारा. तीस वर्षं तो फवारा आकारामनंच लोकांच्या बागांत मारला, तोंडाला नुसता टॉवेल गुंडाळून. आता छातीचा भाता संपला होता. सांगलीच्या डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं, घरी न्या, आवडेल ते खायला घाला. काय समजायचं ते बनुबाई समजली आणि एसटीत पदर तोंडात कोंबून रडली.

आणि ह्या बाबाला आवडतं काय? तर घारगे. तेही घरच्या भोपळ्याचे. बाजारात भोपळ्यांचे ढीग पडले होते, पण गडी ऐकेल तर ना! "आपल्या येलाचा खाऊन जातो," म्हणून हटून बसला.

"माशा म्याच मारल्या," तो म्हणाला. "आता त्यांचं काम तू कर."

दुसऱ्या दिवशी उजाडताच बनुबाई वेलात उभी आणि बाजेवरून हुकूम सुटताहेत. "नुसत्या लांब देठाचं ते नर फूल. बुडाला बारका भोपळा दिसतोय ती मादी. नराच्या पाकळ्या काड, मदल्या दांडीची पिवळी पूड मादीच्या आत हळू फिरव. हळू गं! ऊन चढलं की फूल मिटतंय."

"म्हातारपणी फुलांची लग्नं लावाय लावली मला," बनुबाई हसली. लय दिवसांनी हसली.

"लाव की. आपल्या लग्नात तू कुटं मान वर करून बगितलंस?"

चार सकाळी मिळून अकरा फुलांना पूड लागली. धरलं एकच फळ, पायरीजवळचं. बनुबाईनं त्याच्याखाली गवत घातलं, वर जुनं लुगडं टाकलं. पिकायला दीड महिना तरी हवा. रोज उठून ती आधी लुगडं उचलून बघायची, मग बाजेकडे वळायची. भोपळा भरत होता आणि माणूस ओसरत होता. देवा, एवढा दीड महिना काढू दे, दुसरं काही मागत नाही, असं ती मनात म्हणायची.

पंचविसाव्या दिवशी आकाराम म्हणाला, "बाज पायरीपाशी वड. आन माझी द्राक्षाची कात्री दे."

बघायचा असेल, म्हणून तिनं बाज ओढली. त्यानं लुगडं बाजूला केलं, हात लांबवला आणि कात्रीच्या टोकानं हिरव्या सालीवर चांगली बोटभर चीर पाडली. पाणी सुटलं.

"आवं, काय केलंसा ह्ये!" बनुबाईनं कात्री हिसकावली. "एक धरला व्हता, त्यो बी नासवला! सुखानं मरायचं सोडून ह्ये सुचतंय?"

"सुकंल ती. राख लाव," एवढंच तो बोलला.

राख लावली तिनं, पण दोन दिवस तोंडातून शब्द काढला नाही. पेजेची वाटी बाजेवर आदळायची आणि निघून यायची. तिसऱ्या सकाळी वाटी घेऊन गेली तर आकाराम गेलेला होता.

भोपळा मात्र नासला नाही. चीर मिटून पांढुरकी, खरबरीत रेघ राहिली. महिना घालायच्या दिवशी लोणंदहून लेक आली, अंकिता. नैवेद्याला घारगेच करायचे होते. बनुबाईनं भोपळा तोडून विळीपाशी आणला.

"आई, पलीकडच्या सयाजीकाकाला हाक मारू?" अंकिता म्हणाली. "चिरायला गडीमाणूस नगं व्हय?"

खरंच की. अख्ख्या भोपळ्याला बाईनं पातं लावायचं नसतं. पहिली चीर घरातल्या पुरुषानं द्यायची, फोडी मग बाईनं करायच्या. चाळीस वर्षं ती चीर आकारामनं दिली होती. बागेतून यायला त्याला उशीर झाला तर बनुबाई भोपळा पुढ्यात घेऊन खोळंबून बसायची.

तिचा हात त्या खरबरीत रेघेवर आला आणि तिथंच राहिला. आपल्यामागं हिला कुणाच्या दारात जावं लागू नये, म्हणून मरता मरता त्यानं हात लांबवला होता. आणि आपण?

"आवं, सांगायचं तरी व्हतं मला," ती रिकाम्या बाजेकडे बघत म्हणाली.

अंकिता दारापर्यंत पोचली होती. बनुबाईनं डोळे पुसले.

"नगं हाक मारू कुणाला. चिरलाय त्यो. तुझ्या बानं चिरलाय."

तिनं ती रेघ बरोबर विळीच्या पात्यावर धरली आणि भोपळा दोन्ही हातांनी दाबला. साल टणक झाली होती, फाकेना. रेघ न सोडता तिनं पुन्हा दाबला.