किलोभर मधाचा अपराध

"सांडलं! सांडलं!" एकच गलका झाला आणि फर्निचरच्या दुकानावरच्या त्या हॉलमधली मंडळी खुर्च्यांवर चढली. लिटरच्या मापाच्या काठावरून तेल खालच्या परातीत ओघळत होतं. माझ्या ताईची थोरली सून हात जोडून आनंदानं रडत होती.

"किलोभर आणलं, लिटरच्या मापात मावेना!" मापबाबा गरजले. "मन निर्मळ, म्हणून वाढलं! ही घर भरणार!"

वाढलेलं तेल बाबांच्या डब्यात गेलं. घर भरत होतंच, पण कुणाचं ते उघड होतं.

मी मागे दातओठ खात बसले होते. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं आणि सख्खी बहीण अशी निघाली! येताना गाडीत माझ्या पायाशी एक भरलेली बॅग होती. "ही कुणाची गं?" विचारलं, तर म्हणाली, "तू आज गप्प बस हं."

मग धाकटीला बोलावलं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. कोणी काय आणायचं ते बाबाच ठरवत. हिला मध सांगितला होता. काट्यावर बरोबर किलो भरला, मापात ओतला. बरणी रिकामी झाली, पण माप पाऊणही भरेना.

"घर गिळणारी!" बाबांनी डोळे मिटले. "किलोचा लिटर होत नाही, म्हणजे उरलेला हिनं ओढून घेतला. शांती होईपर्यंत घरात ठेवू नका."

"आजच माहेरी धाडते," ताई म्हणाली. तिचे धाकटे चिरंजीव स्वतःच्या बुटांकडे बघत उभे. बायकोसाठी तोंड उघडतील तर शपथ!

माझं डोकंच फिरलं. तरातरा पुढे गेले. "बाबा, तुमचं मन निर्मळ आहे ना?"

"हा काय प्रश्न झाला?"

"मग मध तुम्ही ओता. तेल ही ओतेल."

"परीक्षा घेणाऱ्याचं वाटोळं होतं, बाई!"

"होऊ द्या माझं. ओता."

"ओता हो बाबा!" मागून कोणीतरी ओरडलं. "तुमचा तर जिन्यावरून वाहील!"

भक्तांच्या बरण्या तिथे होत्याच. मी सगळ्यांसमोर किलो तेल आणि किलो मध मोजून दिला. धाकटीनं तेल ओतलं. सांडलं! बाबांनी मध ओतला. पाऊणच्या खालीच थांबला. बाबा बरणी उलटी धरून तिच्या बुडावर थापट्या मारत राहिले.

"अगं बाई, बाबांनीही गिळला!" थोरली म्हणाली आणि हॉल खदखदून हसला.

"काटा खरा, माप खरं," मी म्हटलं. "खोटं एवढंच, की किलो म्हणजे लिटर. ते पाण्याला जमतं. लिटरभर तेल साधारण नऊशे वीस ग्रॅम भरतं, म्हणून किलोला जागा जास्त लागते. लिटरभर मध चौदाशे ग्रॅम भरतो, म्हणून किलो सातशे मिलीतच संपतो. वजनाला घनतेनं भागा, जागा मिळते. मनाला भागायची गरज नाही. ज्याला लुबाडायचं त्याला मध सांगायचा, एवढीच यांची सिद्धी!"

बाबांची ध्यानाची वेळ नेमकी तेव्हाच झाली. डबा मात्र विसरले नाहीत.

लोकहो, चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी एकदा हात बदलून बघा, वस्तू बदलून बघा. खरं असेल ते तेवढ्यानं पळून जात नाही.

ताई खाली मान घालून धाकटीला म्हणाली, "चल घरी. बाबांनी फसवलं गं आपल्याला."

धाकटीनं मधातेलाचे हात पदराला पुसले. "तुम्हाला फसवलं, आई? मध ओतायच्या आधीच माझी बॅग गाडीत होती."

ताई आधारासाठी माझ्याकडे बघू लागली. आणि मी, आयुष्यात पहिल्यांदाच, तिचं ऐकून गप्प बसले.