चौथ्या पायातला भुंगा

“पप्पा, माझ्या खोलीत काय ठेवायचं ते मीच ठरवू का?”

मित्रांनो, पंचशीलाने हा प्रश्न विचारला तेव्हा मी अंगणात मिरच्या अंगावर घेऊन पडले होते. हा प्रश्न विचारून दाखव, अशी पैज तिच्या मैत्रिणींनी लावली होती. पप्पांपुढे तुझी मानसुद्धा वर होत नाही, असं त्यांतली मंगल सगळ्या वर्गासमोर म्हणाली होती. बीडच्या या नव्या घरात पंचशीलाला स्वतःची खोली मिळणार होती, आणि पप्पांनी दुकानातला गुलाबी पलंग जवळजवळ पक्का केला होता. उशाशी दोन हंस! पोरगी दहावीत गेली, तरी हंस!

ठरव की, काय पाहिजे, असं पप्पा म्हणाले. तिने थेट माझ्याकडे बोट केलं. माझं सगळं सुंभ ताठ झालं.

मी कोण? सुंभाने विणलेली बाभळीची बाज. जन्म दिंद्रुड गावातला. पंचशीलाची आजी पारूबाई पहिल्यांदा बाळंत होणार होती, म्हणून मला बनवलं. सुताराने माझं लाकूड आधी ओढ्याच्या गाळात मुरवलं, मगच त्यावर रंधा फिरवला. त्यामुळे किडा माझ्या वाटेला जात नाही. हेच पप्पा तान्हे असताना माझ्यावर शेक घेताना भोकाड पसरायचे, पण ते त्यांना कुठलं आठवायला! पुढे पाहुणे आले की “बाज टाका” अशी हाक यायची आणि मी फुलून जायचे. मग प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या, आणि माझ्या वाट्याला मिरच्या; बीडला आणलं तेही त्यासाठीच.

एकदा कापसाची गाठोडी रचताना माझा चौथा पाय मोडला. वेचणीची घाई होती. पंचशीलाच्या कारभारी आजोबांनी बांधावरची सुबाभूळ तोडली आणि ओला पाय तसाच ठोकला. मुरवायला सवड कुणाला होती? त्या पायात भुंगा शिरला. हे फक्त मला माहीत होतं.

पप्पांनी वाकून मला न्याहाळलं. म्हणाले, “बघ पोरी, जुन्या लाकडात भुंगा असतोय. आपल्या दारांच्या चौकटी नव्या हायेत, त्यांना लागला तर घर पोखरंल. रविवारपर्यंत बाज ओट्यावर राहू दे. खाली भुंग्यानं पोखरलेलं चिमूटभर जरी पीठ पडलं, तर थेट बंबात.”

पंचशीलाची आई पौर्णिमा म्हणाली, हे बरोबर आहे. झालं! माझा जीव रविवारवर टांगला.

पंचशीला रोज शाळेला निघताना माझ्याखाली वाकून बघायची. मी अंग चोरायचे. आत भुंग्याची कुरकुर चालूच. बाबा रे, तेवढा रविवार जाऊ दे, म्हणून मी त्याला विनवलं. तो कशाला ऐकतोय!

रविवारी ती झाडू घेऊन आली आणि जागीच थांबली. चौथ्या पायाशी पिवळं पीठ सांडलं होतं. पप्पा आत दाढी करत होते. ओट्याच्या कोपऱ्यात बंब धुमसत होता. मंगल मुद्दाम बघायलाच आली होती. ती कुजबुजली, “फुंक मार की. कोन बघतंय?”

मीही मनात म्हणाले, मार गं बाई.

पंचशीलाने झाडू खाली ठेवला. एकेका पायावर टिचकी मारून कान लावला. तीन पाय खणखणले. चौथा भोपळ्यासारखा पोकळ वाजला. मग तिने माझ्या लांब दांड्यांवरून नख फिरवलं. एकही भोक नाही. मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे: जुनं लाकूड जाळण्याआधी त्याला असा एकदा कान लावा.

तिने आईपप्पांना हाक मारली. पीठ पाहताच पप्पा कुऱ्हाडीकडे वळले. ती माझ्यासमोर उभी राहिली. मान वर.

“पप्पा, पीठ पडलंय, मी झाकत न्हाई. पण भुंगा एकाच पायात हाय. तो पाय आत्ताच काढा आणि बंबात घाला. बाकीच्या बाजेला मी लिंबोळीचं तेल लावते. मुरवलेल्या बाभळीचा पाय बसल्याशिवाय ती माझ्या खोलीत येणार न्हाई. आई, तोवर मी सतरंजीवर झोपणार, पलंग आणायचा न्हाई. माझं ठरलंय.”