पाय न टेकता

सुप्रीता शाळेच्या मैदानावर प्लास्टिकचे नारिंगी कोन मांडत होती, तेव्हा तिचे वडील, नरसिंहराव, भिंतीच्या सावलीत मोटरसायकलवर बसून होते. उजवा हात त्यांनी मांडीखाली दाबून धरला होता. हाताची थरथर कुणाला दिसू नये म्हणून ते असं करतात, हे आता घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

कंपवाताचं निदान झालं तेव्हाच डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितलं होतं. नरसिंहरावांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी गाडी काढून चिकपेटेच्या गर्दीत जाऊन आले. तेव्हापासून घरात रोज खटके उडत. चामराजपेटेतली कितीतरी मुलं त्यांच्या हाताखाली गाडी शिकलेली. बँकेतली नोकरी सांभाळून ते रविवारी याच शाळेच्या मैदानावर कोन मांडत आणि सावकाश चालवायला शिकवत. वेगात गाडी कुणीही सरळ नेतं, ते म्हणत, माणसाच्या चालीने वळवून दाखवा. सुप्रीताही अशीच शिकली होती.

तोडगाही शेवटी त्यांनीच काढला. कोनांमधून इंग्रजी आठाचा आकडा काढायचा. पाय टेकला किंवा कोन पडला, तर किल्ली कायमची सुप्रीताकडे. नाही टेकला, तर हा विषय घरात पुन्हा निघणार नाही, आणि पुढच्या महिन्यात ते बायकोला मागे बसवून मेलुकोटेच्या देवळाला जाणार.

सुप्रीताने कोन जरा लांब लांब ठेवले होते. त्यांच्या ते लगेच ध्यानात आलं.

"स्वल्प, जरा जवळ घे," ते म्हणाले. "मुलांना देत होतो तेवढीच जागा."

तिने कोन आत सरकवले. तिला कोन पडायला हवे होते, आणि ते पडलेले बघायचेही नव्हते.

गाडी सुरू झाली. अर्धा क्लच, मागच्या ब्रेकवर हलका पाय, मान वळणाच्या पलीकडे. पहिल्या वळणावर गाडी इतकी कलली की सुप्रीता नकळत दोन पावलं पुढे गेली. पण गाडी अलगद सावरली आणि दुसऱ्या वळणात शिरली. उजवा हात रेसच्या मुठीवर आला की त्याची थरथर थांबल्यासारखी वाटत होती. आकडा पुरा झाला. न थांबता त्यांनी दुसरा काढला. एकही कोन हलला नाही.

ते तिच्यासमोर येऊन थांबले. कपाळावर घाम होता, पण चेहऱ्यावर कित्येक महिन्यांत न दिसलेली तरतरी होती. "सरी? ठरलं ना?" त्यांनी विचारलं.

आता 'सरी' म्हणायचं आणि घरी जायचं, एवढंच उरलं होतं. सुप्रीताच्या डोळ्यांसमोर आई आली, मागच्या सीटवर एका हाताने पदर सावरणारी.

"मला मागे बसवून एकदा काढा, अण्णा."

"हे ठरलं नव्हतं."

"आई मागे बसणार, हेही तुम्हीच ठरवलंत."

त्यांनी एकदा कोनांकडे बघितलं. मग त्यांनी मानेनेच बस म्हणून खुणावलं.

मागे बसल्यावर तिला त्यांचा उजवा हात अगदी जवळून दिसू लागला. पहिलं वळण नीट गेलं. मधल्या अरुंद जागेतून गाडी सरळ झाली आणि दुसरं वळण आलं. इथे रेस कमी करायला मूठ सैल सोडायची असते. त्यांचं मनगट वळायला गेलं आणि तसंच राहिलं. बोटं मुठीवर आवळलेली, निश्चल. गाडीने एकदम उसळी घेतली आणि ती भिंतीकडे सुटली. सुप्रीताने त्यांच्या शर्टाला घट्ट धरलं. त्याच क्षणी नरसिंहरावांनी डाव्या हाताने क्लच पूर्ण दाबला आणि मागचा ब्रेक मारला. इंजिन मोकळं ओरडत राहिलं. भिंतीच्या अलीकडे गाडी थांबली, डगमगली, आणि सुप्रीताने स्वतःचे दोन्ही पाय जमिनीवर रोवले म्हणून उभी राहिली.

डाव्या अंगठ्याने त्यांनी इंजिन बंद केलं. मग डाव्याच हाताने उजव्या हाताचं एकेक बोट मुठीवरून सोडवलं.

"माझा पाय टेकला नाही," ते हळूच म्हणाले.

"नाही टेकला," ती म्हणाली.

"सोड म्हटलं हाताला. सुप्री, ऐकलंच नाही त्याने." ते भिंतीकडे बघत होते. "तुझ्या जागी आई असती तर तिचे पाय जमिनीला पोचलेही नसते."

ते सावकाश उतरले, गाडीला वळसा घालून आले आणि मागच्या सीटवर हात ठेवून उभे राहिले.

"पुढे हो," ते म्हणाले.

ती पुढे सरकली. ते मागे बसले. तिच्या मागे ते कधीच बसले नव्हते, त्यामुळे हात कुठे ठेवायचे ते त्यांना कळेना. शेवटी त्यांनी ते तिच्या खांद्यांवर ठेवले. तिचा उजवा खांदा त्यांच्या हाताबरोबर बारीक बारीक हलू लागला. यावेळी त्यांनी हात लपवला नाही.

मैदानाच्या फाटकाबाहेर रिक्षा आडव्या लागल्या होत्या. वळायला जागा जेमतेम होती.

"अर्धा क्लच," मागून आवाज आला. "घाई नको."