शोगुनच्या चहाची बरणी

"पोरगी पाठीशी बांध गं, योने. बरणी जाताना लेकरू मोकळं सोडू नकोस," समोरच्या ओतोरामावशीने सकाळीच बजावलं होतं.

योने हसली होती. "एवढी मोठी घोडी झालीय मावशी, पाठीवर मावते का आता? आणि चहाच तर आहे!"

"चहा तुझ्या घरचा नव्हे बाई, शोगुनचा आहे."

दरवर्षी उन्हाळा लागला की जपानच्या सर्वसत्ताधीशासाठी, शोगुनसाठी, कोवळ्या पानांचा चहा बरणीत भरून एदोला, त्याच्या राजधानीला, निघे, आणि वाटेतलं नाराई गाव श्वास रोखून बसे. चुली विझत, पतंग उतरत. मोठमोठे सरदारसुद्धा पालखीतून उतरून मान खाली घालत. बरणीच्या वाटेत आडवं येईल त्याची खैर नसे.

"आले, आले!" अशी हाळी उठली तशी दारं धडाधड लागली. योनेनेही दार ओढून अडसर घातला, आणि मागे वळून बघते तो तिची पोरगी इतो घरात नव्हती.

तिने खिडकीच्या जाळीला डोळा लावला. इतो भर रस्त्यात फतकल मारून बसली होती, हातात भाताचा गोळा. "खाली बसा! खाली बसा!" पुकारा जवळ येत होता. योनेच्या हातून अडसर काही निघेना.

तेवढ्यात समोरचं दार करकरलं. ओतोरामावशी गाठोडं काखेत मारून ताठ मानेने रस्त्यात आली. ती सुईण, सरदारांच्या लवाजम्यातून आडवं जायची तिला मुभा होती. पण शोगुनच्या बरणीपुढून? ते नाराईत आजवर कुणी करून पाहिलं नव्हतं.

"सुईण आहे मी! बाई अडलीय!"

पुढच्या अधिकाऱ्याने हात वर केला. अख्खा लवाजमा जागीच थांबला.

"कुणाच्या घरी?"

"हिच्याच." मावशीने इतोला उचललं. "आईला कळा सुटल्यात, म्हणून तर पोर रस्त्यावर!"

आतून योनेने हंबरडा फोडला. ते नाटक नव्हतं.

"जा," अधिकारी म्हणाला.

अडसर एकदाचा निघाला आणि इतो कुशीत आल्यावर योनेने पुन्हा जाळीतून पाहिलं. लवाजम्यातल्या पालखीत माणूस नव्हताच. जरीच्या कापडात गुंडाळलेली मातीची बरणी होती, आणि तिच्यासाठी सगळं गाव दारं लावून बसलं होतं. तीच बरणी एका अडलेल्या बाईच्या नावाने थांबली होती!

"आता पुढच्या वर्षी एक तान्हं दाखव हो," मावशी घाम पुसत म्हणाली, "नाहीतर माझी मान जायची."

योने अजूनही दार लावण्याआधी मागे वळून बघते. तुम्हीही हे पान जरा बाजूला ठेवा आणि बघून या, आपलं लेकरू घरातच आहे ना?