शेजारच्या मशीनवर नजर

"बाई, इथे नजर आपल्या मशीनवर ठेवायची. दुसऱ्याच्या कामात डोकावलात की आपलं बिघडलंच म्हणून समजा," मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

तिनं मान डोलावली आणि या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिलं. नजर एका जागी ठेवणं तिला जमणारच नव्हतं. पाळण्यात लेकीनं कूस बदलली तरी स्वयंपाकघरात तिचा हात थांबायचा. गॅस बंद केला का, दाराची कडी लावली का, हे ती इतक्यांदा बघायची की सासूबाई म्हणायच्या, "अगं, बघून बघून झिजेल ती कडी एक दिवस!"

कॉलेजची पदवी गाठीशी असूनही ती कारखान्यात लोखंड कातायचं लेथ मशीन चालवायला शिकत होती. लोखंडाचा ओबडधोबड दांडा फिरता फिरता आरशासारखा लखलखू लागला, की तिला पदवीच्या दिवशीही झाला नव्हता एवढा आनंद व्हायचा.

शिकाऊ कामगारांचा तो कारखान्यातला पहिलाच वर्ग. त्याआधीची रीत निराळी होती. नवख्यानं झाडलोट करायची, चहा आणायचा आणि जुन्या कारागिराच्या खांद्यावरून दिसेल तेवढं उचलायचं. शेवटचा नाजूक कट घ्यायची वेळ आली की कारागीर मुद्दाम आडवा उभा राहायचा. मशीनंही तशीच मांडलेली, प्रत्येकाची पाठ मागच्याकडे. मिस्त्री तसेच चोरून शिकलेले. वर्गाला मात्र ते हातचं काही न राखता शिकवत. फक्त शेजारी बघायचं नाही, हा जुना हट्ट तेवढा सुटला नव्हता.

तिच्या पुढच्या मशीनवर एक तरतरीत मुलगी होती. तिला सगळे वादळ म्हणायचे. जेवणाचा डबाही ती कुणीतरी मागे लागल्यासारखा संपवायची.

"ताई, तुम्ही माझ्या मानेकडे काय बघत असता हो?"

"मानेकडे नाही गं. तुझ्या चावीकडे."

लेथवर जॉब, म्हणजे कातायचा दांडा, ज्यात पकडतात तो चक एका चावीनं आवळायचा आणि चावी लगेच काढून ठेवायची. ती तशीच राहिली आणि मशीन सुरू झालं, तर गोफणीतल्या दगडासारखी सुटते. हे सगळ्यांना पाठ होतं. पण घाईत पाठ केलेलंच आधी विसरतं.

परीक्षेला बाहेरून परीक्षक आले. पास झालं की नोकरी कायम. नापास झालं की घरी, आणि कारखान्याच्या पाळणाघरातली लेकीची जागाही गेली. 

तिचा दांडा सुरेख उतरत होता. शेवटचा कट चालू होता, कापणारं टूल आपोआप पुढे सरकत होतं. दांड्याची जाडी बदलते त्या पायरीपाशी ते हातानं थांबवलं की संपलं. तेवढ्यात तिनं सवयीनं पुढे मान वाकडी केली. वादळनं जॉब उलटा करून आवळला होता, चावी चकमध्येच होती आणि तिचा हात मशीन सुरू करायच्या दांडीकडे निघाला होता.

मशीनांच्या आवाजात हाक पोचलीच नसती. ती धावली आणि वादळचा हात तिनं मनगटापाशी धरून मागे ओढला. मागे तिच्या मशीनवरून कर्कश्श किंचाळी आली. टूल पायरीत घुसलं होतं. मिस्त्रींनी धावत जाऊन मशीन बंद केलं. जॉबचे बारा वाजले होते.

परीक्षकांनी चष्मा सावरला. "चालू मशीन सोडून गेलात. नापास."

"अहो साहेब, त्या आल्या नसत्या तर चावी माझ्या तोंडावर बसली असती!" वादळ कडाडली. "करायचं तर मला नापास करा!"

"तुम्ही नापासच आहात."

कुणीतरी फिसकन हसलं. मिस्त्री मात्र हसले नाहीत. "साहेब, दोघींना पुन्हा बसू द्या. शेजारी बघू नका, हे मीच शिकवलंय. चूक शिकवणीतली आहे. पण त्याआधी मला मशीनं हलवू द्या."

"मशीनं?"

"एकमेकांकडे तोंड करतो त्यांची. म्हणजे राहिलेली चावी समोरच्याला जागेवरूनच दिसेल."

परीक्षकांनी त्या फाटलेल्या पायरीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "करा."

अख्खा वर्ग पहारी घेऊन भिडला. मिस्त्री सगळ्यांत पुढे, घामानं निथळत. जुने कारागीर दारात उभं राहून बघत होते. त्यांतला एक बाह्या सरसावून आत आला आणि त्यानंही पहारीला हात लावला.

तेव्हापासून तिथे रीत पडली. मशीन सुरू करण्याआधी हात वर करून म्हणायचं, "बघ!" समोरच्यानं चक बघून सांगायचं, "बघितलं, चालव!" आणि कुणासाठी धावायचं झालं तर आधी आपलं मशीन बंद. हे शेवटचं तिनं स्वतः हाताला वळण लागेपर्यंत घोटलं. दोघी पुढच्या परीक्षेत पास झाल्या.

आता तो वर्ग तीच घेते. सकाळी शेडभर "बघ!" आणि "बघितलं!" घुमायला लागलं की तिची मान आपोआप ताठ होते. सासूबाई तर आल्यागेल्याला सांगतात, "आमच्या सुनेनं कारखान्याची तोंडं फिरवली हो!" कडीबद्दल आता त्या अवाक्षर काढत नाहीत.

तुमच्याकडे तिचं एक मागणं आहे. तुमच्या घरातलं, शेजारचं कुणी नुकतं काम शिकायला लागलं असेल, तर आज ते परतल्यावर त्याच्याजवळ जरा बसा. हातांकडे बघा. आणि एवढंच विचारा, "तिथे तुझ्याकडे कोण बघतं रे?"