जांभळाचे भाडेकरू

नोएडातल्या त्या शाळेच्या अंगणात झाड एकच, आणि तेही जांभळाचं. जुलैत शाळा उघडली की ते नव्या पांढऱ्या टाइल्सवर असं काही सांडायचं, की संचालक परीक्षित सरांना वाटे, कोणीतरी मुद्दाम शाईच्या दौती आणून फोडतंय.

समता तिसरी 'ब'ची टीचर. तिचं दोन वर्षांचं प्रोबेशन संपत आलेलं. कायम नोकरीचं पत्र टाइप होऊन सरांच्या टेबलाच्या डाव्या खणात पडलंय, फक्त सही व्हायची आहे, हे शिपायापासून व्हॅनवाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. सर ते मधूनमधून बाहेर काढत, तिच्यासमोर झटकत आणि परत ठेवून देत.

वनमहोत्सवानिमित्त जुलैच्या मध्यावर 'हरित शाळा' पुरस्काराची समिती यायची होती. तिच्यासमोर धडा घ्यायचा मान समताला मिळाला. विषय, जंगलतोड आणि तिचे परिणाम.

समताने दहा दिवस आधीच सुरुवात केली. अठ्ठावीस पोरं जांभळाखाली बसवली आणि म्हणाली, या झाडाचे भाडेकरू मोजा. मग एकेकाला एकेक भाडेकरू वाटून दिला. अनिश खार झाला. कोणी पोपट, कोणी वटवाघूळ, आठ जणांच्या मुंग्या. उत्तरा नावाच्या मुलीने नीलगायच मागितली.

"अगं, नीलगाय झाडावर कुठे राहते?"

"खाली सावलीत बसते ना, मॅम. ग्राउंड फ्लोअर."

पोरं अशी मुरली की विचारू नका. अनिश पोळी कडेकडेने कुरतडून खायला लागला. एका वटवाघळाच्या आईने फोन केला, की आमचा मुलगा सोफ्यावरून उलटा लोंबकळत पाढे म्हणतो, हे सिलॅबसमध्ये आहे का. मुंग्या तर पाण्याच्या नळापाशीसुद्धा रांगेतच जात, आणि समोरून दुसरी मुंगी आली की थांबून डोक्याला डोकं लावत.

मंगळवारी परीक्षित सर समितीसाठी शिवलेला मलईच्या रंगाचा बंद गळ्याचा कोट घालून अंगणात उभे राहिले आणि एक जांभूळ नेमकं खांद्यावर पडलं. बुधवारी झाडाची छाटणी झाली. परवानगी छाटणीचीच होती. छाटणी इतकी मनापासून झाली, की खाली वीतभर बुंधा तेवढा उरला. त्यावर प्लास्टिकचं गवत अंथरलं, गवतावर फायबरचं झाड उभं केलं आणि झाडावर पाटी लावली, 'मला वाचवा. माझ्यासोबत सेल्फी काढा.'

मधल्या सुट्टीत अनिश समताकडे आला. आपली खार कुठे गेली, असं त्याने विचारलं नाही.

"मॅम, आता मी कुठे राहू?" एवढंच म्हणाला.

समता तडक केबिनमध्ये गेली. बाहेर चाळीस डिग्री आणि आत स्वेटर घालावा असा एसी. सर बोलत हिंदीत; आपण मराठीत ऐकू.

"एका झाडाला जंगल कोण म्हणतं, मॅम?" सर म्हणाले.

"सर, मुलं विचारताहेत."

"विचारू देत. जिज्ञासा चांगली." त्यांनी डावा खण उघडला, पत्र काढलं, झटकलं. "शुक्रवारी सगळं नीट झालं की हे तुमचं. फक्त आपल्या झाडाचा विषय नको."

"धडाच झाडाचा आहे."

"मग ब्राझीलचं झाड घ्या."

घरी वडील, दादाराव, भंडाऱ्याहून येऊन केंद्र सरकारात एकतीस वर्षं फाइली हलवून निवृत्त झालेले. त्यांनी सगळं ऐकलं. भाजीतला कढीपत्ता ताटाच्या कडेला रचत विचारलं, "धड्याचं टिपण करून सही घ्यावी लागते ना तुमच्यात? लेसन प्लॅन की काय ते?"

"हो बाबा. सहा पानांचा. सर कधी वाचत नाहीत."

"वाचत नाहीत." दादारावांनी हे असं म्हटलं, जसं कोणी श्रीखंडाचं नाव घ्यावं. "मग भांडायला कशाला गेलीस, बेटा? जे करायचंय ते पाचव्या पानावर लिही. पहिल्या पानावर उद्दिष्टं टाक, भरपूर. पाचव्यापर्यंत आजवर कोणी पोचलेलं मी तरी पाहिलं नाही."

"आणि पोचले तर? पत्र गेलं म्हणून समजा."

"जाईल," दादाराव म्हणाले. "पण त्या पोराला काय सांगणार आहेस? ब्राझीलला जाऊन राहा?"

समताने ताट बाजूला सारलं आणि लिहायला बसली.

गुरुवारी सरांनी फोनवर बोलता बोलता चाळीस कागदांवर सह्या केल्या. त्यात ही सहा पानंही होती.

शुक्रवारी समिती आली. अध्यक्ष कुसुमावतीबाई, वनखात्यातून निवृत्त. बाकीचे दोघे केबिनमध्येच, काजूकतलीच्या जवळ बसलेले. सरांनी फायबरच्या झाडापाशी फोटो काढवले. मग अंगणात धडा सुरू झाला.

"जंगल तुटलं की प्राणी कुठे जातात?" कुसुमावतीबाईंनी विचारलं.

"वस्तीत शिरतात," अठ्ठावीस जण म्हणाले. "जवळ जिथे गारवा, पाणी आणि खाणं असेल तिथे."

"करून दाखवाल?"

समताने डावा खण डोळ्यांसमोर आणला, मग अनिशकडे पाहिलं आणि मान हलवली.

पोरं उठली. पोपट पुढे, मुंग्या रांगेत. फायबरच्या झाडापाशी नीलगाय थांबली, तिने पाय आपटून प्लास्टिकचं गवत उलटलं आणि बुंधा उघडा पाडून निघून गेली. मग सगळी वरात थेट संचालकांच्या केबिनमध्ये. वटवाघळं टेबलाखाली, पोपट कपाटावर, नीलगाय एसीखाली फतकल मारून. मुंग्यांनी उरलेली काजूकतली दोन मिनिटांत वाहून नेली. खार डाव्या खणात शिरली.

"हे काय चाललंय," सर हळूच म्हणाले.

"पान पाच, सर. तुमची सही आहे."

मागोमाग आलेल्या कुसुमावतीबाईंनी पान पाच वाचलं: 'झाड तुटल्यावर प्राणी संचालकांच्या केबिनमध्ये राहायला जातील.' मग बाहेर जाऊन बुंध्याजवळ बसल्या, त्याच्या ओल्या चिकावर बोट फिरवलं. परत आल्या तेव्हा त्या हसत नव्हत्या.

"धड्यासाठी स्वतःचं झाड आणि स्वतःची केबिन देणारा संचालक मी पहिल्यांदा पाहिला," त्या म्हणाल्या. "पुरस्कार तुमच्या शाळेला. पण हा चालू उपक्रम दिसतो. प्राणी परत कधी जातात, पोरांनो?"

"झाड वाढल्यावर," आतून उत्तर आलं.

"जांभूळ वाढायला किती वर्षं?"

"आठ-दहा," समता म्हणाली.

"मग आम्ही दर वर्षी येऊन बघू. प्राणी जागेवर नसले तर पुरस्कार परत. आणि धडा घ्यायला ह्याच बाई हव्यात."

समिती गेल्यावर सरांनी समताला बाजूला घेतलं. "मुलांना बाहेर काढा, मॅम. पत्रावर आत्ता सही करतो."

"पुरस्कार जाईल, सर."

सरांनी खिशातलं पेन काढलं. पत्र मात्र अनिशने कडेकडेने कुरतडलं होतं. सहीची जागा तेवढी शाबूत होती.

तेव्हापासून तिसरी 'ब' केबिनमध्ये भरते. बुंध्याशेजारी समताने जांभळाचं रोप लावलंय, ते आता अनिशच्या गुडघ्याला लागतं. सरांची खुर्ची-टेबल गेटबाहेरच्या कडुलिंबाखाली हलवलंय. उन्हात दुसरीकडे कुठे बसणार.

परवा नव्या कमानीसाठी कंत्राटदार त्या कडुलिंबाची छाटणी करायला आला आणि सहीसाठी कागद पुढे केला. सरांनी चष्मा लावला. कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, उलटून मागची बाजू पाहिली, वर सावलीकडे पाहिलं आणि त्याला परत पाठवलं.