गुरुवारचा डबा

"माय मिस्टेक," मॉय म्हणाला. "राँग बॉक्स."

आणि साठीचा तो माणूस गल्ल्यामागून बाहेर येऊन कमरेत वाकला. पाच मराठी माणसांसमोर. त्या पाचांत सगळ्यांत मागे, दारापाशी, दिगंबर उभा होता. वाकलेल्या मॉयने मान वर केली तेव्हा नजर थेट त्याच्यावर आली. क्षणभरच. मग ती फरशीवर गेली.

"मिस्टेक?" मंडळाचे अध्यक्ष पुरुषोत्तम कडाडले. "बावीस वर्षं विश्वास ठेवला तुझ्यावर! ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याला चिकन खायला घातलंस! दिवाळीची ऑर्डर कॅन्सल. आणि ग्रुपवर टाकतोय मी, कळू दे सगळ्यांना."

बोलत होते इंग्रजीत, पण सोवळं अस्सल आपल्याकडचं. पाचांतले दोघे ऑफिसच्या पार्टीत बर्गर चापतात, पण त्या दिवशी तो मुद्दा नव्हता.

"सॉरी," मॉय पुन्हा म्हणाला.

डबा बदललाच नव्हता. ते चिकन दिगंबरचं होतं.

मॉय एकोणिसाव्या वर्षी चीनमधल्या ताइशानहून आला. न्यूयॉर्कला मामाच्या हॉटेलात सहा वर्षं कोळंबी सोलली, बोटांची सालटी निघाली, आणि मग बायकोला घेऊन, आपली मंडळी राहतात त्या कॅरी शहरापासून चाळीस मिनिटांवरच्या या तंबाखूच्या गावात येऊन त्याने 'मॉयज् किचन' उघडलं. गावची पोरं काचेबाहेरून डोळे ताणून त्याला चिडवायची आणि त्यांचेच आईबाप रविवारी चर्च सुटलं की टेबल अडवून बसायचे. बायको गेली त्या दिवशी हॉटेल दुपारी बंद होतं, संध्याकाळी उघडलं. मुलगा ओरेगॉनमध्ये दातांचा डॉक्टर आहे, त्याला तेलाचा वास सोसत नाही. पुढे गावाबाहेरून बायपास रस्ता झाला, ट्रकवाले गेले. हॉटेल तगलं ते आपल्या लोकांवर.

आपल्या लोकांना तिथे आणलं दिगंबरनेच. शिकायला आला होता तेव्हा. "कढई वेगळी आहे का?" हा त्याचा पहिला प्रश्न. मॉयने दुसऱ्या दिवशी नवी कढई आणली, तिच्या दांड्याला हिरवा रंग दिला, आणि त्या कढईत बावीस वर्षांत स्वतःसाठी अंडंसुद्धा फोडलं नाही.

आणि हाच दिगंबर गेली सात वर्षं दर गुरुवारी, साइटवरून परतताना, मॉयच्या मुदपाकखान्यात उपड्या बादलीवर बसून आलं-कांदापात घातलेली कोंबडी खात होता. हाडं चोखून.

"लता नो?" बायकोला कळलंय का, असं मॉय डोळे मिचकावून विचारायचा.

"लता नो!" आणि दोघे हसायचे.

त्या गुरुवारी मीटिंग लांबली. बसायला वेळ नव्हता म्हणून डबा घरी नेला, गॅरेजमधल्या फ्रिजमध्ये कोकच्या कॅनमागे लपवला. सांगलीहून आलेले सासरे, राजारामअप्पा, शुक्रवारी दुपारी काहीतरी थंड शोधायला गॅरेजमध्ये गेले. भूक लागली होती. निम्मा डबा खाल्ला, मग दाताखाली हाड आलं.

"अरे, हे काय आहे?" लताने विचारलं.

"त्या चिन्याने डबा बदलला."

सात वर्षं ज्याच्या बादलीवर बसून जेवला त्याला चिन्या म्हणाला. किती सहज निघालं तोंडातून! ते मंडळापर्यंत गेलं, आणि मॉयने ते झेललं. गिऱ्हाइकाला त्याच्या माणसांपुढे खोटं पाडायचं नाही, हे मामाने त्याला कोळंबी सोलतानाच शिकवलं होतं.

सहा आठवडे एकही मराठी गाडी त्या गावाकडे वळली नाही. मग हॉटेलच्या दारावर कागद लागला. शनिवार शेवटचा.

रविवारी सकाळी दिगंबरने चहाचा कप बाजूला सारला.

"अप्पा, तो डबा माझा होता."

अप्पांनी बशी ओठांवरून काढलीसुद्धा नाही. फुर्र केलं, मग म्हणाले, "ठाऊक आहे."

"म्हणजे?"

"झाकणावर तुमचं नाव होतं, दिगंबरराव. मी अडतीस वर्षं पोस्टात काढली. नाव वाचता येतं मला."

दिगंबरने ओट्याकडे पाहिलं. लता पाठमोरी उभी होती.

"तुला पण माहीत होतं?"

"सात वर्षं दर गुरुवारी तुझ्या शर्टाला वास येतो. मी काय नाक काढून ठेवलंय?"

"मग बोलली का नाहीस तेव्हा?"

"काय बोलू? मंडळाच्या गणपतीची प्राणप्रतिष्ठा दरवर्षी तू करतोस. सोवळं नेसून! कुठे तोंड दाखवायचं होतं मी?" ती वळली. "आणि त्याचं काय रे, त्याला कुठे कोण ओळखतं इथे. विसरेल तो."

"झाकली मूठ राहू द्या," अप्पा म्हणाले.

खाणारे घरात, लपवणारे घरात, आणि विटाळ झाला तो मॉयला. दिगंबरने किल्ली उचलली.

चाळीस मिनिटं तो एकच वाक्य घोकत होता. मी पुरुषोत्तमना सांगतो, सगळ्यांना सांगतो, ग्रुपवर लिहितो. पोचला तेव्हा पाटी उतरवलेली होती, भिंतीवर तिच्या आकाराचा पांढरा चौकोन होता.

काचेतून मॉय दिसला. खिडकीजवळच्या टेबलाशी, गिऱ्हाइकाच्या खुर्चीत. एप्रन नाही, इस्त्रीचा शर्ट. समोर भाताचा वाडगा आणि वाफवलेला अख्खा मासा. दिगंबरने या माणसाला बसून जेवताना कधी पाहिलंच नव्हतं.

त्याने काचेवर टकटक केलं. मॉयने वर पाहिलं. ओळखलं. मग ओठांतला काटा काढून ताटलीच्या कडेला नीट ठेवला आणि पुढचा घास घेतला.

दाराला कुलूप नव्हतं. वाऱ्याने ते बोटभर आत जात होतं, परत येत होतं. दिगंबरचा हात दाराच्या मुठीवर होता. पार्किंगमध्ये एक गाडी वळली, तसा त्याने तो काढून घेतला, आपोआप, आणि मान वळवून गाडीत कोण आहे ते पाहिलं. कोणी ओळखीचं नव्हतं.

आत मॉयने माशाचा मधला काटा अलगद, अख्खा उचलला, बाजूला ठेवला आणि खालची बाजू खायला घेतली.